ऑपरेशननंतरची दहा वर्षं

पचनसंस्थेतल्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचं ऑपरेशन झाल्यावर आजार परत येणार का, हे संगणकाच्या मदतीने आधीच ताडता येईल, अशा बातम्या सध्या येत आहेत. इरफान खान यांनी मार्च २०१८मध्ये आपला आजार जाहीर केला, तेव्हापासून हे लांबलचक नाव घराघरांत माहीत आहे. पालघर-बोईसरच्या रुग्णाला मात्र या भाकिताचा उपयोग व्हायचा असेल, तर सुरुवात पॅथॉलॉजीच्या रिपोर्टपासून करावी लागते.

गुण मोजण्याची साधी पद्धत असो की एआय, दोन्हींना लागणारी माहिती जवळपास तीच. गाठ कुठे होती, किती सेंटिमीटरची होती, काढलेल्या लिम्फ नोडपैकी कितींत आजार सापडला, कडा मोकळ्या होत्या का, रक्तवाहिन्यांत शिरकाव होता का. आणि सगळ्यांत मोलाचा आकडा केआय-६७चा. पेशी किती जोमाने वाढताहेत, ते तो सांगतो: ३ टक्क्यांखाली पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, त्यापुढे तिसरी. रिपोर्टात नुसतं आजाराचं नाव आणि खाली सही असेल, तर कोणतंही प्रारूप त्या रुग्णाबद्दल काही सांगू शकणार नाही. पण काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक जपलेला असेल, तर ही तपासणी नंतरही मोठ्या प्रयोगशाळेत करून घेता येते. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्याव्यात, आणि घरच्यांनी त्यासाठी अजिबात संकोच करू नये.

गाठीची जागा फार फरक पाडते. अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये योगायोगाने सापडलेली एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ बहुधा तिथेच संपते. एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठींसाठी मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढल्याने आयुष्य वाढत नाही, असं २०२३मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’तल्या युरोपीय अभ्यासात दिसलं. लहान आतड्याची गोष्ट उलटी. तिथला आजार सावकाश वाढतो आणि सगळं शांत झालं असं वाटत असताना कित्येक वर्षांनी यकृतात दिसतो.

या संथपणाने तज्ज्ञांनाही चकवलं होतं. म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७मध्ये या गाठींना ‘कार्सिनॉइड’ म्हटलं, कारण त्या त्यांना निरुपद्रवी वाटल्या होत्या. त्या पसरूही शकतात, हे त्यांनी स्वतःच १९२९मध्ये मान्य केलं. मधे बावीस वर्षं गेली! पाच वर्षं ठीक गेली म्हणजे सुटलो, हा हिशेब या आजाराला लावणं धोक्याचं आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडच्या तज्ज्ञांनी २०१८मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’त तपासण्या दहा वर्षांपर्यंत चालवण्याची शिफारस केली ती यामुळेच.

पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची गाठ पूर्ण निघाल्यावर ती परत येऊ नये म्हणून द्यावं असं सिद्ध औषध आज नाही. त्यामुळे भाकिताचं खरं काम तपासण्यांच्या तारखा ठरवण्याचं. तारापूर एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला मुंबईच्या टाटा रुग्णालयाची एक तारीख म्हणजे एक खाडा. धोका कमी असलेल्याला बोईसर-दादर लोकलच्या फेऱ्या आणि स्कॅनचा खर्च वाचवता आला, तर तो वाचवलाच पाहिजे. ज्याचा धोका जास्त, त्याची फाइल मात्र कंत्राटदार, खोली आणि मोबाइल नंबर बदलल्यावरही त्याच्यासोबत राहायला हवी.

क्रोमोग्रॅनिन-ए या रक्ततपासणीवर एकट्याने विसंबणंही बरं नव्हे. पॅन्टोप्रॅझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही तो आकडा चढतो आणि घर उगाच हादरतं. तपासणीआधी या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आजार परतलाच, तरी मार्ग संपत नाहीत. पुन्हा शस्त्रक्रिया, ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं, आणि लुटेशियम-१७७चा उपचार. हे लुटेशियम तयार होतं ते ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ते रुग्णांना दिलं जातं.

भाकिताची अनेक प्रारूपं मात्र अमेरिकी आणि युरोपीय रुग्णांच्या नोंदींवर बेतलेली आहेत. ती इथे लागू पडतात का, हे इथल्याच रुग्णांवर पडताळायला हवं. त्यासाठी नोंदी दहा वर्षांच्या लागतात, आणि तिसऱ्या वर्षी काम सुटलं म्हणून गावी परतलेल्या कामगाराची नोंद तिथेच थांबते. त्याला दरवर्षी एक फोन करणारा माणूस रुग्णालयाने नेमला, तर तो खर्च नव्या सॉफ्टवेअरच्या आधी करण्याजोगा आहे.