कसबा पेठ : शनिवारवाड्याच्या आधीचं पुणं

पाहुण्यांना पुणं दाखवायला निघालेला माणूस आधी शनिवारवाडा गाठतो. वाड्याची वास्तुशांत झाली १७३२ मध्ये. त्याच्या पूर्वेची कसबा पेठ तेव्हाही जुनी होती.

आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३०च्या सुमारास पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. त्या उजाड गावात जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या. सोन्याच्या फाळाने इथली जमीन नांगरली आणि कसबा गणपतीचं देऊळ उभं केलं, असं परंपरा सांगते. पुण्याचं हे ग्रामदैवत. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचाच. जवळच्या लाल महालात महाराजांनी १६६३ मध्ये शायिस्तेखानावर छापा घातला. मूळ महाल उरलेला नाही. आज दिसतो तो विसाव्या शतकातला.

पण पेठ खरी कळते ती आळ्यांमधून. कुंभार, बुरूड, तांबट, ज्याची त्याची आळी वेगळी. तांबट आळी शोधायला पत्ता लागत नाही, कान पुरतात. कोकणातून आलेल्या या कारागिरांना पेशवाईत काम मिळालं. मग पुणेकरांच्या न्हाणीघरातले बंब आणि घंगाळं, स्वयंपाकघरातले हंडे-कळश्या इथूनच जाऊ लागल्या. भांडं घडवून, धुऊन लख्ख झालं की मठारकाम सुरू होतं. कारागीर ते लोखंडी दांड्यावर चढवतो, एका हाताने किंचित फिरवतो, दुसऱ्या हाताने हातोडी मारतो. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून बसला पाहिजे. एक चुकला तर ओळ बिघडते. ही नुसती नक्षी नव्हे. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला बळकटी येते.

स्टीलने तांब्या-पितळेची सद्दी संपवली, गीझरने बंब माळ्यावर धाडला. टिकलेले तांबट आता दिवे, ताटं, शोभेच्या वस्तूही घडवतात. जुने वाडे पाडून इमारती उठताहेत. तांबटांच्या जुन्या घरी खालच्या मजल्यावर भट्टी आणि हातोडी चालायची. फ्लॅटमध्ये ती कुठे चालणार? पेठेचा वारसा जपायचा तर देवळं-वाड्यांइतकीच कारागिरांच्या जागेचीही तजवीज करावी लागेल.

मेट्रोचं भुयारी कसबा पेठ स्थानक आता दाराशी आलं आहे. गाडी घरी ठेवा, सकाळी कामाच्या वेळी या आणि एखादं तांब्याचं भांडं घडवणाऱ्याच्या हातूनच विकत घ्या.