पंचवीस हजारांचा योयो: समज आणि गैरसमज

ग्वाल्हेरच्या मेळ्यात लाकडी चकरी किंवा प्लॅस्टिकचा योयो चिल्लर पैशांत मिळतो. अशा गावात कुणी तीनशे डॉलरचा टायटॅनियमचा योयो मागवला, तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला: 'पैसे जास्त झालेत का?' प्रश्न रास्त आहे. पंचाईत त्याच्या उत्तरांची आहे. न घेणारा म्हणतो, सगळे योयो सारखेच, पैसे फक्त नावाचे. घेणारा म्हणतो, ही गुंतवणूक आहे. दोघंही चुकतात.

आधी न घेणाऱ्याचं पाहू. स्वस्त योयोत दोरीचा फास थेट आसाभोवती असतो. योयो खाली फिरत राहिला की दोरी आसावर घासते आणि काही सेकंदांत फिरकीचा जोर संपतो. चांगल्या योयोचे दोन अर्धे आट्यांवरून फिरवून वेगळे केले, तर मधल्या आसावर एक छोटं बॉल बेअरिंग दिसतं. आतला व्यास 6.35 मिलिमीटर, बाहेरचा 12.7, जाडी 4.76. काही वर्षांपूर्वी पोरांच्या हातात जे फिजेट स्पिनर आले होते, त्यांतल्या काहींच्या पोटात याच मापाचं बेअरिंग होतं. दोरी बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर बसते, कडं जागीच राहतं आणि योयो त्याच्या आत मिनिटं न् मिनिटं फिरतो. दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या बाजूला सिलिकॉनची एकेक पातळ चकती चिकटवलेली असते. दोरीला पकड मिळते ती तिथे. म्हणजे फरक आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो.

याच फरकातून दुसरा गैरसमज निघतो, आणि नवशिक्यांचे सर्वांत जास्त पैसे त्यातच बुडतात. महागडा योयो खाली सोडला, हाताला झटका दिला, तरी तो वर येत नाही. 'खराब निघाला' म्हणून माल परत पाठवणारे लोक आहेत. तो खराब नसतो. हल्लीचे स्पर्धेचे योयो मुद्दामच असे बनवतात, म्हणजे दोरीवर चढवून खेळ करताना मध्येच ते हाताकडे पळत नाहीत. परत आणायचा असेल तर दोरीचा एक पदर फटीत सरकवून पकड द्यावी लागते. त्याला 'बाइंड' म्हणतात आणि ते शिकावं लागतं. ज्याला फक्त खाली-वर करायचं आहे, त्याला पंचवीस हजारांच्या योयोपेक्षा मेळ्यातली चकरीच जास्त सुख देईल.

आता टायटॅनियम. 'हलका असतो म्हणून महाग' हे वाक्य फार ऐकू येतं आणि ते साफ उलटं आहे. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा जड धातू आहे: घन सेंटिमीटरला सुमारे 4.4 ग्रॅम, ॲल्युमिनियम 2.7. योयोचं एकूण वजन मात्र धातू कुठलाही असला तरी साधारण 65 ग्रॅमच्या आसपास ठेवतात, कारण बोटाला तेवढंच झेपतं. खरी करामत वजन किती यात नसून कुठे यात आहे. तेच ग्रॅम मध्याऐवजी कडेला नेले, की फिरकी जास्त टिकते आणि योयो डगमगत नाही. टायटॅनियम मजबूत असल्यामुळे मधली भिंत पातळ कातता येते आणि वाचलेलं वजन कडेला देता येतं. पण हेच काम ॲल्युमिनियमच्या अंगाला पोलादी कडा बसवून कमी पैशांत होतं. पोलादाची घनता तर 7.8 आहे. मग टायटॅनियमला जास्त पैसे का? तो कातायला चिवट, हत्यारं लवकर झिजवणारा, शिवाय कच्चा मालच महाग. हाताला त्याचा नाद वेगळा लागतो, हेही खरं. फिरता योयो सिमेंटच्या फरशीला टेकवला की ठिणग्या उडतात. काही लोक त्या ठिणग्यांसाठीच पैसे मोजतात, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही.

महाग योयोने खेळ सुधारतो, असं मात्र कुणी सांगितलं तर 2014 सालचं प्राग आठवावं. तिथल्या जागतिक स्पर्धेत जेन्ट्री स्टाइन मुख्य गटात पहिला आला, तो 'शटर' नावाच्या ॲल्युमिनियमच्या योयोवर. त्याची किंमत तेव्हा सुमारे 45 डॉलर होती. माझ्या मते खेळाच्या दृष्टीने किंमत वसूल होण्याची हद्द साधारण इथेच संपते. त्यापुढचे पैसे धातूचे, झिलईचे, मर्यादित नगांचे आणि हौसेचे.

योयो म्हणजे परदेशी थेर, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: बुंदी किंवा कोटा शैलीतलं, सुमारे 1770 सालचं एक चित्र आहे, त्यात एक बाई योयो खेळते आहे. अमेरिकेत पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने योयोचा कारखाना काढला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1928 साली.

राहिला गुंतवणुकीचा दावा. रॉय अकफ या गायकाच्या एका योयोला लिलावात 16,029 डॉलर मिळाले खरे. पण त्यावर 1974 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली होती. पैसे सहीचे होते. खरी दुर्मीळ वस्तू पाहायची तर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास महालात भोजनाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तिच्या डब्यांवर शिंद्यांच्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर आहे आणि मद्याची सुरई उचलली की गाडी थांबते. तशी दुसरी नाही, आणि ती मुळात विकायला बनवलेलीच नव्हती. 'फक्त पन्नास नग' म्हणून विकलेल्या योयोचं तसं नसतं. तीच कंपनी पुढच्या महिन्यात तेच मॉडेल दुसऱ्या रंगात काढायला मोकळी असते. बहुतेक योयोंची किंमत पहिल्या टोल्यालाच उतरते. आणि न खेळता डबीत ठेवला, तर तो घेतला कशाला?

भारतात आणखी एक गोष्ट हिशेब बिघडवते. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 साली 70 वर. खेळणं म्हणून आलेल्या तीनशे डॉलरच्या योयोवर 210 डॉलर तिथेच गेले, त्यावरचे कर वेगळे. उद्या विकायला काढलात तर हे पैसे कुणी परत देणार नाही.

तेव्हा हौस असेल तर जुना, वापरलेला योयो बघावा. विकणाऱ्याला आधी दोन्ही अर्धे उघडायला सांगावं आणि आटे झिजलेत का ते पाहावं. मग योयो फिरवून कडेला नख हलकेच लावावं. नखाला सारखी थरथर जाणवली तर आस वाकला आहे किंवा कड ठेचली आहे. अशा वेळी भाव निम्म्यावर आणावा, नाहीतर सोडून द्यावा. नुसते ओरखडे असतील तर घासाघीस करावी आणि घ्यावा.