पाणउंदराचे बीळ आणि परका मिंक

केनेथ ग्रॅहम यांची ‘द विंड इन द विलोज’ ही बालकादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील होडी वल्हवीत हिंडणारा ‘रॅटी’ इंग्रज मुलांच्या कित्येक पिढ्यांचा सोबती होऊन बसला. नावावरून त्यास कोणीही उंदीर समजेल. परंतु घरादारांत उच्छाद मांडणाऱ्या उंदराशी त्याचे नाते दूरचे आहे. रॅटी म्हणजे ‘वॉटर व्होल’ नावाचा नदीकाठचा प्राणी होय. मराठीत त्यास पाणउंदीर म्हणावयास हरकत नाही. आखूड तोंड, केसांत लपलेले कान, लवदार शेपूट आणि दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम वजन, असे त्याचे रूप असते. काठचे गवत व लव्हाळे हा त्याचा आहार असून आपल्या वजनाच्या सुमारे चार-पंचमांश इतका चारा तो रोज फस्त करतो.

हा प्राणी ब्रिटनमध्ये एके काळी इतका सर्रास दिसे, की त्याची मुद्दाम दखल घेण्याचे कोणास कारण नव्हते. १९९० च्या सुमारास त्याची संख्या सत्तर लक्षांच्या घरात असावी असा अंदाज होता. १९९८ पर्यंत ती दहा लक्षांच्याही खाली गेली. शेते थेट पाण्यापर्यंत नांगरली गेली, गुरांनी काठ तुडविले, आणि त्यामुळे पाणउंदराचे अन्न व आडोसा दोन्ही नाहीशी झाली, हे या ऱ्हासाचे एक कारण खरेच. परंतु जेथे काठ हिरवेगार राहिले होते तेथूनही तो नाहीसा होत होता, आणि तेथील कारण निराळे होते.

१९२९ साली उत्तर अमेरिकेतील मिंक हा प्राणी फरसाठी ब्रिटनमध्ये आणून पिंजऱ्यांत पोसण्यास आरंभ झाला. मिंक हा पाणमांजराच्याच कुळातील, मात्र त्याहून पुष्कळ लहान. पिंजऱ्यांतून काही निसटले, काही सोडून दिले गेले. आणि १९५६ साली डेव्हन परगण्यातील टीन नदीवर मोकळ्या मिंकांची वीण होत असल्याचे प्रथम निश्चित झाले. पुढे ते बहुतेक नद्यांवर पसरले.

पाणउंदराच्या संरक्षणाचे उपाय मुळात दोनच. शत्रू दिसताच तो पाण्यात बुडी मारून गाळ ढवळतो व त्या गढूळ पाण्याआड निसटतो. किंवा पाण्याखालच्या दाराने बिळात शिरतो. बगळा, घुबड, कोल्हा, फार काय पाणमांजर, यांच्यापुढे हे उपाय पुष्कळ अंशी पुरतात, कारण त्यांपैकी कोणालाही त्या अरुंद बिळात शिरता येत नाही. मिंकची मादी नराच्या साधारण निम्म्या वजनाची व सडपातळ असते. ती पाण्यात पोहते आणि बिळातही शिरते. हजारो वर्षे उपयोगी पडलेले घर अशा रीतीने सापळाच ठरले. पिलांना पोसणारी एक मादी एका हंगामात ओढ्याचा दीर्घ भाग निर्जन करू शकते.

तेव्हा मिंक धरावयाचा, पण कोठे? सापळे अंदाजाने लावून बसण्यात श्रम व्यर्थ जात. यावर ब्रिटनमधील शिकारी पशुपक्ष्यांचे संशोधन करणाऱ्या एका संस्थेने या शतकाच्या आरंभी जी युक्ती काढली ती अगदी साधी आहे. सुमारे चार फूट लांब व दोन फूट रुंद असा एक तराफा नदीकाठी बांधून ठेवतात. त्यावर लाकडी बोगदा असतो, आणि बोगद्याच्या तळाशी चिकणमाती व वाळू यांचा ओलसर थर. खालून पाणी शोषले जात असल्याने तो वाळत नाही. मिंक हा विलक्षण चौकस. भोक दिसले की तो आत डोकावल्यावाचून राहत नाही. आठ-पंधरा दिवसांनी तराफा पाहणाऱ्यास मातीवर पावले उमटलेली दिसतात. ती मिंकची असतील तरच बोगद्यात पिंजरा ठेवावयाचा, तो रोज तपासावयाचा, आणि दुसरे काही अडकले असल्यास सोडून द्यावयाचे. या युक्तीचे खरे मोल सापळ्यात नाही, तर मिंक नसेल तेथे सापळा लावावा लागत नाही, यात आहे. अलीकडे दार पडताच दूरध्वनीवर संदेश धाडणारे सापळेही निघाले आहेत.

तरीही एका ओढ्यावरील मिंक काढून भागत नाही. उन्हाळा सरता सरता तरुण मिंक नवी जागा शोधीत दूरदूर जातात व मोकळा काठ पुन्हा व्यापतात. म्हणून नदीचे सबंध खोरेच हाती घ्यावे लागते. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात डोंगराकडून खाली सरकत हे काम झाले. १८६ स्थानिक स्वयंसेवकांच्या साहाय्याने दहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेशांतून ३७६ मिंक पकडले गेले, असा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. इतक्या विस्तीर्ण मुलुखास हा आकडा अल्पच म्हणावा लागेल. थोडेसे मिंक किती हानी करतात याचा तो पुरावाच आहे.

पकडलेला मिंक मारावा लागतो; त्यास पुन्हा मोकळे सोडणे कायद्याने गुन्हा आहे, आणि पाण्यात बुडवून मारणे हाही गुन्हाच. हे कठोर वाटणे स्वाभाविक होय. भूतदयेपोटीच काही मंडळींनी १९९८ साली इंग्लंडच्या दक्षिण भागातील एका फार्मवरून सुमारे सहा हजार मिंक सोडून दिले होते. पिंजऱ्यातील जीवांविषयीची त्यांची कणव खोटी म्हणता येणार नाही. बिळांतील जीवांचा हिशेब मात्र त्यांनी केला नाही. मिंकचाही यात अपराध नाही. शेताचा रखवालदार म्हणून भारतात ज्याचे कौतुक होते तो मुंगूस १८७२ साली उसातील उंदीर मारण्यास जमैकात नेला, आणि तेथील पक्षी व सरपटणारे प्राणी त्याने धोक्यात आणले. अपराध नेणाऱ्याचा, शिक्षा मात्र नेलेल्यास, ही अडचण कोणताही सापळा सोडवीत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यास बंदी घालणारा कायदा २००० साली झाला, आणि २००८ पासून पाणउंदरास कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले. २०१७ पासून उत्तर इंग्लंडातील कील्डरच्या अरण्यात पाळीव पैदाशीतील पाणउंदीर सोडण्यात आले; तत्पूर्वी त्या प्रदेशात मिंक नसल्याची खात्री करून घेण्यात आली होती. जेथे मिंक दिसेनासा झाला आहे तेथेही पाळत थांबविता येत नाही. बोगद्यातील ओल्या मातीवर नवे पाऊल उमटले आहे काय, हे कोणीतरी जाऊन पाहावेच लागते.