साडूचं खातं साडूकडे
दोन महायुद्धांमधला आयर्लंड : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण फेब्रुवारी १९३२ च्या निवडणुकीपाशी थांबलो होतो. १५३ जागांच्या डॉलमध्ये, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात, ईमन डी व्हॅलेरा यांच्या फिआना फॉल पक्षाला ७२ जागा मिळाल्या. मजूर पक्षाने हात दिला आणि ९ मार्चला ८१ विरुद्ध ६८ मतांनी डी व्हॅलेरा कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. नऊ वर्षांपूर्वी यादवी हरलेली माणसं मतपेटीतून सत्तेवर आली. त्या दिवशी त्यांच्यातले काही जण खिशात पिस्तूल ठेवून सभागृहात आले होते, असं सांगतात. जिंकलेले सुखासुखी खुर्ची सोडतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्यांनी सोडली.

कुणी कुणासाठी सोडली, ते पाहा. स्थानिक शासन आणि सार्वजनिक आरोग्य हे खातं रिचर्ड मल्काही यांच्याकडे होतं. यादवीत ते सरकारी फौजेचे सरसेनापती. त्या काळात सरकारने ७७ विरोधकांना मृत्युदंड दिला होता. आता त्यांचं खातं आलं उपाध्यक्ष शॉन टी. ओ'केली यांच्याकडे, म्हणजे चक्क त्यांच्या साडूकडे. रायन घराण्यातल्या दोन बहिणी या दोघांना दिलेल्या. आणि त्या बहिणींचे भाऊ डॉ. जेम्स रायन नव्या मंडळात शेतीमंत्री! एवढ्याशा देशात भाऊबंदकी आणि राजकारण वेगळं काढणं कठीणच.

१९२२ च्या घटनेने मंडळाला सात जणांची मर्यादा घातली होती, १९२७ मध्ये ती बारावर नेली. डी व्हॅलेरांनी स्वतःसह दहाच माणसं घेतली आणि परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवलं. अर्थमंत्री शॉन मॅकेन्टी यांना ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे कमी झाली. उद्योगमंत्री शॉन लेमास अवघे ३२ वर्षांचे. डाक-तार खात्याचे जोसेफ कॉनोली आणि मॅकेन्टी बेलफास्टचे, तर संरक्षणमंत्री फ्रँक एकन आर्माचे. म्हणजे तिघं फाळणीत तुटलेल्या उत्तरेतले. बाई मात्र एकही नाही. १९१९ मध्ये कॉन्स्टन्स मार्कीव्हिच मंत्री झाल्या होत्या, त्यांच्यानंतर आयर्लंडला दुसरी स्त्री मंत्री १९७९ मध्ये मिळाली.

खरी मेख होती ती संरक्षण आणि न्याय या दोन खात्यांत. बंडखोरांचे अखेरचे सेनाप्रमुख असलेले एकन, ज्यांनी १९२३ मध्ये शस्त्रं खाली ठेवण्याचा हुकूम दिला, तेच आता पूर्वीच्या शत्रुसैन्याचे मंत्री झाले. पहिल्याच दिवशी ते आर्बर हिल तुरुंगात राजकीय कैद्यांना भेटले, दुसऱ्या दिवशी कैदी सुटले. पोलिसांवर हुकमत असलेलं न्याय खातं मात्र जेम्स गेगन यांना दिलं. हे वकील, यादवीत डी व्हॅलेरांच्या बाजूने न लढलेले, एके काळी मावळते अध्यक्ष कॉसग्रेव्ह यांच्या पक्षाकडे झुकलेले. जुन्या सहकाऱ्यांना एकन दिसावेत आणि धास्तावलेल्या पोलिसांना गेगन. माझ्या मते त्या यादीतली ही सर्वांत शहाणी निवड. अर्थखात्याचे सचिव मॅकेलिगॉटही जागेवरून हलले नाहीत. सुडाची साफसफाई झालीच नाही.

गेगन वर्षभरच टिकले. जानेवारी १९३३ च्या निवडणुकीनंतर त्यांचं खातं पॅट्रिक रटलेज यांच्याकडे गेलं. तोवर लंडनशी जमिनीच्या हप्त्यांवरून जुंपली होती. त्या भांडणाचा हिशेब पुढच्या आठवड्यात.