ढोलीचे झाड मागणीनुसार मिळत नाही

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ईशान्येला सेंट्रल हायलँड्स हा डोंगराळ पट्टा आहे. तिथे निलगिरीच्या कुळातला माउंटन अ‍ॅश वाढतो. जगातल्या सर्वांत उंच सपुष्प वृक्षांत त्याची गणना होते. त्याच्या ढोल्यांत लेडबीटर पॉसम राहतो. हा प्राणी तळहाताएवढा असून वजनाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरतो. तो नामशेष झाला असेच सगळे धरून चालले होते, पण १९६१ मध्ये मेरिसव्हिलच्या परिसरात तो पुन्हा दिसला आणि १९७१ मध्ये व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी झाला. आपला राज्यप्राणी शेकरू काटक्यापानांचे घरटे उघड्या फांदीवर बांधून मोकळा होतो. या पॉसमला मात्र ढोलीच लागते. म्हणून ‘शंभर वर्षांनी या जंगलात ढोलीची झाडे किती असतील?’ हा प्रश्न तिथल्या वनशास्त्रज्ञांनी गणित मांडून सोडवायला घेतला. या विषयाभोवती गैरसमजही भरपूर आहेत.

गैरसमज : ढोल्या सुतार पक्षी कोरतात, त्यामुळे त्या होतच राहतात.

आपल्याकडे सुतार आणि तांबट कोरतात हे खरे. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षीच नाही. तिथे फांदी मोडते, खोडाला आगीची झळ लागते, त्या जखमेतून बुरशी आणि वाळवी गाभ्यात शिरते आणि दशकानुदशके पोखरत राहते. माउंटन अ‍ॅशमध्ये साधारण १२० वर्षांच्या आत उपयोगी ढोली क्वचितच पडते, आणि मोठ्या ढोल्यांसाठी १९० वर्षे आणि त्याहून अधिक काळ लागतो. अशा ढोल्यांवर ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ३०० पृष्ठवंशी प्रजाती कमी-अधिक अवलंबून आहेत. महाराष्ट्रातही सगळे सुतारावर भागत नाही. कोकणातल्या मोठ्या धनेशाला स्वतः कोरता येत नाही, त्यालाही जुन्या झाडाची आयती ढोलीच शोधावी लागते.

गैरसमज : पोकळ झाड म्हणजे मेलेले झाड, ते काढलेलेच बरे.

गाभ्यातले लाकूड तसेही निर्जीवच असते. झाड जगते ते सालीलगतच्या थरावर. आतून पोकळ झालेले झाड पुढे कित्येक दशके पालवत राहू शकते. आणि खरोखर वठलेले झाडही कोसळेपर्यंत घर पुरवते. ‘वन स्वच्छ करण्या’च्या हौसेपायी नेमकी हीच झाडे आधी जातात.

गैरसमज : तोडले तेवढे पुन्हा उगवले, म्हणजे हिशेब बरोबर.

लाकडाचा हिशेब बरोबर येईल, ढोल्यांचा नाही. सरसकट तोडीचे चक्र ८० वर्षांचे ठेवले, तर झाड ढोली पडायच्या वयाला पोहोचण्याआधीच करवतीखाली येते. जंगल हिरवेगार, उंच आणि दाट दिसते, फक्त त्यात राहायला जागा नसते. त्यात १३ जानेवारी १९३९ च्या वणव्याने या पट्ट्याचा फार मोठा भाग जाळला. तीव्र आगीत माउंटन अ‍ॅश मरतो आणि बियांतून एकदम, एकाच वयाचा उगवतो. खरे जुने जंगल आज एक टक्क्याच्या आसपास उरले आहे.

गैरसमज : तोडताना हेक्टरी काही जुनी झाडे राखली की प्रश्न मिटला.

सर्वांत चिवट गैरसमज हाच, कारण तो सद्हेतूने बाळगलेला असतो. कागदावर हिशेब करून पाहा. हेक्टरी १० झाडे राखली आणि दर वर्षी त्यातली १ टक्का मेली, तर शंभर वर्षांनी तीन-चार उरतील. मरण्याचे प्रमाण २ टक्के झाले तर जेमतेम एक, आणि ३ टक्के झाले तर दोन हेक्टरांत मिळून एक. तोडीनंतर एकटे पडलेले झाड वाऱ्याला उघडे पडते आणि पालापाचोळा जाळताना भाजून निघते. म्हणून मरण्याचा दर दाट जंगलातल्यापेक्षा वाढतो.

आता उलट बाजूने पाहा. आज ४० वर्षांची असलेली झाडे १२० व्या वर्षी १० उरायला हवी असतील आणि दर वर्षी २ टक्के मरत असतील, तर आज १० राखून चालणार नाही, ५० राखावी लागतील. जुने झाड राखणे आवश्यकच, पण त्याची जागा घेणारे तरुण झाडही आजच बाजूला काढून ठेवावे लागते. राखीव झाडांची संख्या ठरवताना हा दुसरा आकडा विचारलाच जात नाही. माझ्या मते सारी गफलत इथेच होते.

गैरसमज : संगणकी प्रतिमान म्हणजे भविष्य सांगणे.

इयान बॉल, डेव्हिड लिंडनमेयर आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी १९९९ मध्ये ढोल्यांच्या घडामोडींचे एक प्रतिमान प्रसिद्ध केले. अशा प्रतिमानात झाडांचे वयोगट करतात. दर वर्षी किती झाडे मरतात, मेलेल्यांतली किती वठून उभी राहतात, ती कधी कोसळतात, कोणत्या वयाला ढोली पडते, तोड आणि आग किती वर्षांनी येते, हे सारे त्यात भरतात. मग दोनशे-चारशे वर्षे पुढे चालवून पाहतात. ‘२१५० साली इतक्या ढोल्या असतील’ असा छातीठोक दावा त्यातून निघत नाही. निघते ती तुलना : तोडीचे चक्र लांबवले तर काय, जास्त झाडे राखली तर काय, दोन आगींतले अंतर घटले तर काय. आकडे चुकू शकतात, पण कोणत्या निर्णयाने तुटवडा येतो आणि किती उशिरा तो जाणवतो, हे कळते. आजची मोजणी हे सांगूच शकत नाही. मोजणीत धडधाकट दिसणारे जंगल पन्नास वर्षांनी रिते झालेले असू शकते.

गैरसमज : लाकडी पेट्या टांगल्या की भागले.

तात्पुरता आधार म्हणून ठीक. पेटीच्या पातळ भिंती उन्हात तापतात, ती काही वर्षांत सडते वा पडते आणि सतत निगा मागते. करवतीने जिवंत झाडांत ढोल्या कोरण्याचे प्रयोगही झाले आहेत. पण संपूर्ण डोंगररांगेला पिढ्यान्‌पिढ्या पेट्या पुरवण्याचा खर्च कोण करणार?

गैरसमज : तोड थांबली, आता काळजी नको.

१ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियात सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड बंद झाली. निर्णय योग्य आहे, पण उशिरा झाला. १९३९ नंतर उगवलेली झाडे १२० वर्षांची होतील २०५९ मध्ये, आणि मोठ्या ढोल्या पडायच्या वयाला पोहोचतील २१२९ च्या सुमारास, तेही मध्ये आग आली नाही तर. फेब्रुवारी २००९ मध्ये ती आली होतीच, आणि जळालेल्या भागांत घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झाले. आज उभी असलेली जुनी झाडे तोवर एकेक करून पडत राहणार आहेत. त्यामुळे तोड बंद असूनही ढोल्यांची संख्या आधी आणखी खाली जाईल आणि वाढ दिसायला लागेल ती त्यानंतर.