निर्बंध उठवायचे, पण किती वेगाने?



गटांच्या बैठकांत कोरोनाचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. एक म्हणतो, टाळेबंदी उगाच लांबवली, माणसे रोगापेक्षा उपासाने मेली असती. दुसरा म्हणतो, घाई केली म्हणूनच दुसरी लाट आली. दोघेही तावातावाने बोलतात. या वादात आम्हाला ऊसतोड मजुरांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्याच फडातली आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. शेतीकामाला सूट मिळाली, पण गावी परतायला नाही. फड संपले तरी बीड-नगरकडची कुटुंबे पोराबाळांसह कोप्यांतच राहिली. उचल फिटली, हातात पैसा नाही, गावाकडे म्हातारी माणसे एकटी. १७ एप्रिलला राज्य शासनाने परतीची परवानगी दिली, तेव्हा ३८ कारखान्यांच्या तळांवर मिळून सुमारे १ लाख ३१ हजार मजूर होते. तपासणी करून त्यांना गावी पोचवायची जबाबदारी कारखान्यांवर टाकली गेली.

आता हिशेब पाहा. या रोगाची लक्षणे लागण झाल्यापासून २ ते १४ दिवसांत, बहुधा पाच-सहा दिवसांत दिसत. म्हणजे ज्या तळावर बाहेरचे येणे-जाणे नव्हते, तिथली निरोगी माणसे ८ एप्रिलच्या सुमारास सोडायला हरकत नव्हती. तिथे उशीर झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावांनी वेशीवर काट्या टाकल्या म्हणून त्यांना दोष देणेही सोपे आहे; पण ज्या गावाला धड दवाखाना नाही त्याने भ्यायचे नाही तर काय करायचे? तपासणीचा कागद हातात असता तर बऱ्याच वेशी आधीच उघडल्या असत्या.

मात्र ‘एकदम सगळे खुले करा’ हेही आम्हाला पटत नाही. युरिया टाकला की पाला दुसऱ्या दिवशी हिरवा होत नाही. फरक दिसेना म्हणून लगेच दुसरे पोते ओतणाऱ्याला आपण काय म्हणतो? साथीचेही तेच. आज दवाखान्यात दिसणारे रोगी हे दहा-पंधरा दिवसांपूर्वीच्या गर्दीचे पीक असते. बाजार उघडला, आठ दिवस काही झाले नाही, म्हणून लग्ने-जत्राही उघडल्या, तर नेमके कशाने वाढले ते कळायला मार्गच राहत नाही. एक पायरी उघडावी, दोन आठवडे थांबावे, मग पुढची.

जून २०२१ मध्ये राज्याने पाच स्तर ठरवले ते याच विचाराने. तपासलेल्यांत बाधित किती आणि प्राणवायूच्या खाटा किती भरल्या, यावर जिल्ह्याचा स्तर ठरे. बाधित ५ टक्क्यांहून कमी आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, जवळजवळ सगळे खुले. निदान दुकानदाराला कळत होते की आपण कशासाठी थांबलो आहोत. दोष एवढाच, की बहुतेक ठिकाणी माप जिल्ह्याचे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये बऱ्याच जिल्ह्यांत निर्बंध सैल झाले, पण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नगर, बीड धरून ११ जिल्हे तिसऱ्या स्तरावरच राहिले. ज्या तालुक्यात रोगी मोजकेच, तिथल्या भाजीवाल्यालाही तीच वेळ. जमिनीचा नमुना आपण शेतागणिक घेतो, जिल्ह्याचा एक घेत नाही! सगळे निर्बंध उठायला २०२२ चा गुढीपाडवा उजाडला.

येत्या हंगामाच्या करारांच्या वेळी प्रत्येक टोळीची गाव, माणसे, मुले आणि आजारपण यांची नोंद गट कार्यालयात ठेवावी, असे आम्ही सुचवले आहे. अशी वही तयार असेल तर तळावरच तपासणी करून कोणाला केव्हा सोडायचे ते दोन दिवसांत ठरवता येईल. यावर आपले म्हणणे मुकादमांना विचारून पुढच्या गट बैठकीत जरूर मांडावे.