जुनी गाडी धरत नाही, धरली तर थरथरते : आधी दोष शोधा, मग पान्याला हात घाला



आपल्याकडे कितीतरी वाड्या-वस्त्यांवर अजून जुनी पेट्रोल गाडी उभी असते. कुणाची पद्मिनी, कुणाची अँबॅसिडर, कुणाची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा झाला तर तीच उपयोगी पडते. अशा गाड्यांची एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, पण इंजिन धरत नाही. धरलेच तर उभ्या जागी थरथरते आणि पाय काढला की बंद पडते. मग कुणीतरी म्हणतोच, "हे सगळं त्या इथेनॉलमुळं!"

इथेनॉल आपल्याच उसाच्या रसापासून आणि मळीपासून तयार होते. कारखान्याला त्याचे पैसे मिळतात, उसाच्या बिलाला त्याचा हातभार लागतो. म्हणूनच या तक्रारीकडे कानाडोळा करणे बरे नव्हे. पण तपासाशिवाय ती मान्य करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न गाडीलाच विचारा. ती थंड असताना धरत नाही की गरम झाल्यावर? थंडीत त्रास असेल तर बॅटरी, ठिणगी आणि चोक पाहा. गरम झाल्यावर त्रास असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो आहे का, की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उकळून त्याची वाफ होते आहे, ते पाहा. दुसरा प्रश्न असा : फक्त उभ्या जागी थरथरते की चढावर, ओझ्याखालीही मिसिंग मारते? ओझ्याखाली मारत असेल तर संशय आधी ठिणगीवर घ्या. रेस दिल्यावर गुळगुळीत चालत असेल, तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा स्लो रनिंगचा जेट तुंबला आहे, असे समजा.

आता बॉनेट उघडा. जवळ विडी-काडी नको. बॅटरीची टोके आणि अर्थिंगची वायर घासून घट्ट करा. सगळे प्लग काढून ओळीने मांडा. तोंड विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जादा जाते. पांढरट असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तेलकट काळे असेल तर इंजिन ऑइल वर येते आहे, आणि ते काम मिस्त्रीचे. मग डेल्कोचे झाकण काढून पॉइंट पाहा. जळून खड्डे पडले असतील तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. फट गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच फिलर गेजने ठेवा. फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून टायमिंग नंतर लावा. टॅपेट फार घट्ट झाले असतील तरी इंजिन उभ्या जागी थरथरते, तेही तपासून घ्या.

यानंतर एक साधी परीक्षा. इंजिन गरम करून सुरू ठेवा आणि चोक हळूहळू थोडा ओढा. थरथर कमी झाली तर पेट्रोल कमी पडत होते. वाढली तर आधीच जादा आहे. कमी पडत असेल तर मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि डेल्कोकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या टोकांवर साबणाचे पाणी ब्रशने लावा. पाणी डेल्कोवर आणि वायरींवर उडू देऊ नका. एखाद्या जागी लावताच इंजिनाचा आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते. या कामाला पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नका. गाडी पेटेल.

एवढे झाल्यावर इंधनाकडे वळा. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाने सुरुवात झाली. २०२२ साली देशाने १० टक्के गाठले, २०२५ साली २० टक्के. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. नव्या गाडीतील संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट ठरलेला, त्याला हे कळत नाही. त्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून थंडीत चोक थोडा अधिक वेळ ठेवावा लागतो. तेव्हा तक्रारीत तथ्य आहे, पण तेवढेच. आधीच जळके पॉइंट आणि फाटके पॅकिंग असलेल्या गाडीत हा फरक जास्त बोचतो, धडधाकट गाडीत कमी.

खरी काळजी दोन गोष्टींची घ्या. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते, फुगवते, आणि टाकीतला जुना गाळ सुटा करते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवा, फिल्टर बदला, जेट हवेने फुंकून साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. दुसरे म्हणजे पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि ते फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करणे आले. पावसाळ्यात गाडी महिनाभर शेडमध्ये उभी करू नका, आठवड्यातून एकदा फिरवा. उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरलेली असावी.

मिक्श्चरच्या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावा, तोही पाव-पाव फेराच. एका वेळी एकच गोष्ट बदला, गाडी चालवून पाहा, मग पुढची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि खिसा मात्र रिकामा होतो.

ऊस पिवळा पडला तर आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी मुळी बघतो, पाणी साचले का बघतो. गाडीलाही तोच न्याय लावावा, आणि आपल्या मालालाही.